तिळाएवढे महाराज

आमच्या भारतीताईला बघायला एकनाथराव आले, तेव्हा मी दहावीत होते आणि पोह्यांच्या बश्या नेऊन ठेवायचं काम माझ्याकडे होतं. बघायला आलेल्याने मुलीकडे बघावं अशी रीत आहे. हे गृहस्थ कोपऱ्यातल्या देव्हाऱ्याकडे बघत बसले होते. शेवटी आमच्या वडिलांनी विचारलं, "मुलीला काही विचारायचंय का?" तर म्हणाले, "नाही. पण त्या देव्हाऱ्याचा कळस तेवढा मोठा झालाय. खालच्या खांबांना झेपत नाही." वडिलांना वाटलं, मुलगा धार्मिक आहे. लग्न ठरलं.

असे ते आमचे दाजी झाले. पुढे आमच्या या तेलुगू मुलखातल्या शहरात, नल्लकुंट्याच्या मराठी मंडळात मी चिटणीस झाले आणि माझं ऐकून ऐकून लहानथोर सगळेच त्यांना दाजी म्हणायला लागले. दाजींची उंची पाच फूट दीड इंच. ताई त्यांच्यापेक्षा दोन इंच उंच. लग्नातल्या फोटोसाठी फोटोग्राफरने त्यांना पाटावर उभं राहायला सांगितलं, तर यांनी मांडवात सगळ्यांदेखत नकार दिला. खोटं प्रमाण आपल्याला चालत नाही म्हणाले. तो फोटो ताईच्या हॉलमध्ये आहे. त्यात ताई थोडी वाकलेली आहे, कारण कुणालातरी वाकणं भाग होतं.

दाजींचा धंदा मॉडेलं करायचा. कोठी बाजारात पुस्तकांच्या दुकानांच्या मागे एक अरुंद जिना चढून गेलं की त्यांची खोली. तिथे बिल्डरांच्या इमारती बांधायच्या आधी त्यांची छोटी प्रतिकृती तयार व्हायची. सनबोर्ड नावाच्या फोमच्या पुठ्ठ्याच्या भिंती, ॲक्रिलिकच्या खिडक्या, तारेला पीळ देऊन त्यावर रंगवलेल्या स्पंजाचा चुरा चिकटवला की झालं झाड. इतरांच्या खिशाला पेन असतं, दाजींच्या खिशाला त्रिकोणी मोजपट्टी. तिच्या प्रत्येक कडेवर वेगळं प्रमाण. ती पट्टी घेऊन हा माणूस जगाच्या चुका काढत हिंडायचा. ताई दिवाळीला करंज्या तळायला बसली की हे मागे उभे. "तीन एका मापाच्या आहेत, भारती. चौथी एकास दीड झाली." ताईने चौथी तेवढी त्यांच्या ताटात वाढायची आणि विषय मिटवायचा. असल्या माणसाशी पंचेचाळीस वर्षं संसार करणाऱ्या बाईला खरं तर मंडळाने शाल द्यायला हवी होती, पण आमच्या मंडळाला शाल कुणाला द्यावी हे कधी कळलेलंच नाही.

मी स्वतः बत्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. त्यामुळे प्रमाण म्हणजे काय हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती आणि दाजींचं पितळ मीच उघडं पाडलं. एकदा काही कामाने कोठीला गेले होते, म्हणून त्यांच्या खोलीवर डोकावले. टेबलावर एका फ्लॅटचं मॉडेल होतं, एकास पन्नास प्रमाणातलं. हॉल असा ऐसपैस की आत क्रिकेट खेळावं. मला शंका आली. दाजी चहा सांगायला खाली गेले तेवढ्यात मी त्यांचीच पट्टी उचलून हॉलमधल्या माणसाला लावली. माणूस चार फुटांचा भरला. बेडरूममधला पलंग साडेचार फुटांचा.

"दाजी, या फ्लॅटमध्ये कोण राहणार आहे? पहिलीचा वर्ग?"

दाजींचे कान लाल झाले. "सगळेच करतात. माणूस आणि पलंग बारके घातले की खोली मोठी दिसते. बिल्डर नकाशा देतानाच सांगतो."

"आणि खोटं प्रमाण तुम्हाला चालत नाही ना?"

"भिंती बरोबर आहेत," दाजी म्हणाले. "भिंतींना पट्टी लावून बघ."

भिंती बरोबर होत्या. माणसांना पट्टी कोण लावतो? त्या हॉलवर भाळून किती लोकांनी फ्लॅट घेतले आणि मग पलंग दारातून आत जाईना म्हणून कपाळावर हात मारला, देव जाणे. मी काही दाजींना सोडलं नाही. सणावाराला जेवायला बसले की विचारायचे, "काय दाजी, या महिन्यात किती वामन केले?" ताई मला डोळ्यांनी दटावायची. दाजी खाली मान घालून वरण-भात कालवत राहायचे. एकदाच म्हणाले, "त्रिवेणी, मरायच्या आधी एक काम असं करीन, की त्यात कुठेही पट्टी लाव, बरोबर येईल." मी हसले. हसायला काय जातं?

पुढे बिल्डर पडद्यावर सिनेमा दाखवायला लागले. न बांधलेल्या इमारतीतून माणूस चालत जातो, बाल्कनीत उभा राहून कॉफी पितो. सनबोर्डची मॉडेलं सगळ्यांना नकोशी झाली. दाजींनी कोठीची खोली सोडली आणि पट्टी घेऊन घरी बसले. ताईच्या करंज्यांवर पूर्णवेळ लक्ष द्यायला माणूस मोकळा झाला.

आता आमच्या मंडळाबद्दल सांगते. अध्यक्ष लक्ष्मणराव, सचिवालयातून निवृत्त. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कागदांवर सह्या केल्यामुळे आपल्या सहीशिवाय सूर्यही उगवू नये असं त्यांना वाटतं. मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमाचा फ्लेक्स ते स्वतः ठरवतात. त्यावर सगळ्यांत मोठा फोटो लक्ष्मणरावांचा, त्याहून लहान पाहुण्यांचा, त्याहून लहान कार्यकारिणीचा, आणि कोपऱ्यात पोस्टाच्या तिकिटाएवढा गणपती. ज्याचं वजन जास्त त्याचं डोकं मोठं, हे आमच्याकडचं प्रमाण.

गेल्या दिवाळीला मंडळाने किल्ल्यांची स्पर्धा ठेवली आणि परीक्षक म्हणून दाजींना बोलावलं. ही अवदसा मलाच आठवली. किल्ले मुलांच्या नावावर, पण केलेले सगळे बापांनी. विटा, माती, पोती, वर आळीव पेरलेले. एका किल्ल्यावर वाघ बुरुजाएवढा होता, दुसऱ्यावर मावळ्यांच्या बरोबरीने बंदूकधारी जवान आणि एक हेलिकॉप्टर. आणि प्रत्येक किल्ल्यावर महाराज दरवाजापेक्षा उंच. दाजी पट्टी घेऊन सातही किल्ल्यांपुढे उकिडवे बसले आणि सातही बाद केले.

लक्ष्मणराव घामाघूम. "अहो दाजी, पोट्ट्यांनी मेहनत केली ना! एखादं तरी बक्षीस द्या की."

"देतो. पण महाराज दरवाजातून आत कसे जाणार ते सांगा."

"आत कायकू जायला पायजे? ते बाहेरच उभे आहेत!"

हॉलमध्ये हशा पिकला. दाजी मात्र जागचे हलेनात. शेवटी लक्ष्मणराव चिडून म्हणाले, "एवढं कळतंय तर तुम्हीच करून दाखवा ना किल्ला. शिवजयंतीला आपल्या मंडळाला पन्नास वर्षं होतात. हॉलमध्ये कायमचा ठेवू, काचेच्या पेटीत. पितळी पाटी लावू तुमच्या नावाची." त्यांना वाटलं, म्हातारा गप्प बसेल. म्हाताऱ्याने तिथेच खिशातून वही काढली.

प्रतापगड ठरला. प्रमाण एकास पाचशे. त्यानंतरचे तीन महिने ताईचं जेवणाचं टेबल गेलं, मग हॉल गेला, मग चालण्याची वाट गेली. समोच्च रेषांचा नकाशा मी काढून दिला. दर पाच मीटरला एक थर, थराची जाडी एक सेंटीमीटर. असे साठ थर कापून, एकावर एक चिकटवून डोंगर उभा राहिला. मध्येच लक्ष्मणराव पाहणीला आले आणि म्हणाले, डोंगर जरा बुटका वाटतो, थोडा ताणून उंच करा की. दाजींनी त्यांना चहासुद्धा विचारला नाही. ताईने विचारला.

मी रोज संध्याकाळी जायचे. चिडवायला म्हणून जायचे आणि कात्री हातात घेऊन बसायचे. खोटं कशाला बोलू, असं काम मी कधी पाहिलं नव्हतं. तटबंदी दोन-अडीच सेंटीमीटरची, पण तिच्यात बंदुका रोखायच्या जंग्यांची भोकंही होती. पायऱ्या नखाने मोजाव्या लागत. मी मुद्दाम कुठेही पट्टी लावून बघायचे. बरोबर. तिसऱ्या आठवड्यात मी पट्टी लावायचं सोडून दिलं.

सगळ्यांत शेवटी महाराज. एकास पाचशेला माणूस साडेतीन मिलिमीटरही भरत नाही. तिळाएवढा. सुईच्या टोकावर एपॉक्सीच्या लगद्याचा ठिपका घेऊन दाजींनी तो माणूस घडवला. डोक्यावर जिरेटोप, पांढरा अंगरखा, खांद्यावर भगवा शेला. शेल्यासाठी त्यांनी ब्रशचे तीन केस ठेवून बाकीचे कापून टाकले होते. अकरा दिवस लागले. दोन वेळा शिंक आली आणि काम पहिल्यापासून. महाराज सदरेपुढच्या मोकळ्या अंगणात उभे राहिले, आणि वर एका दांडीवर दाजींनी भिंग बसवलं. त्यातून बघायचं म्हणजे वाकायला लागायचं.

"म्हातारी माणसं कशी वाकणार?" मी विचारलं.

"दर्शनाला वाकतात तशी," दाजी म्हणाले.

चार भागांत किल्ला हॉलवर नेला, जोडला, सांधे बुजवले. शिवजयंतीच्या आठ दिवस आधी कार्यकारिणी बघायला आली. सगळे फिरले, वा वा झालं. मग लक्ष्मणराव म्हणाले, "महाराज कुठायत?"

दाजींनी भिंगाकडे बोट केलं. लक्ष्मणराव कमरेवर हात ठेवून, कण्हत वाकले. एक डोळा मिटून, मग दुसरा मिटून बघितलं. मग उठले ते लालबुंद होऊनच. "हे? हा तर तीळ हाय!"

कार्यकारिणीतला निखिल गच्चीबावलीला सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्याला मराठी वाचायला अर्धा तास लागतो, पण मंडळाचं इन्स्टाग्राम तोच बघतो. त्याने फोन पुढे केला. "अंकल, फोटोत येतच नाहीयेत. झूम केलं तर फक्त एक डॉट दिसतोय."

"गडाच्या मानाने माणूस एवढाच असतो," दाजी म्हणाले. "तुम्ही, मी, महाराज, सगळे. एवढ्याशा माणसाने एवढं उभं केलं, ते दिसावं म्हणून तर हे केलंय."

"ते बरोबर हाय हो. पण पब्लिकला कोण समजावणार? पाहुणे येणार, पेपरवाले येणार. महाराजांना तिळाएवढं केलं म्हणून उद्या कुणी धिंगाणा घातला तर? मी कोठीत एक फुटाची मूर्ती बघून ठेवलीय. ती ठेवू वर. विषय खतम."

"एक फुटाची? या किल्ल्यावर ती पाचशे फूट उंच होते. पन्नास मजली." दाजींनी वही काढली, हिशेब केला. "एक फुटाचे महाराज ठेवायचे तर किल्ला सातशे फूट लांब करायला लागेल. हॉलपासून भाजी बाजारापर्यंत. परवानगी काढा, करतो."

"लाईट घ्या ना दाजी, मनाला लावून घेऊ नका," लक्ष्मणराव हसत म्हणाले. ते हसले म्हणजे निर्णय झालेला असतो, हे मला चिटणीस म्हणून ठाऊक होतं. मी इतिवृत्तात लिहिलं: सदर विषय अध्यक्षांच्या विचाराधीन.

शिवजयंतीच्या सकाळी पाहुण्यांना आणायला म्हणून लक्ष्मणरावांनी दाजींना नामपल्ली स्टेशनवर पाठवलं. पाहुणे पुण्याचे, इतिहासाचे जाणकार. दाजींनाही आपला किल्ला कळणारं कुणीतरी हवंच होतं. ते इस्त्रीचा सदरा घालून, खिशाला पट्टी लावून खुशीत निघाले. त्यांची रिक्षा वळली आणि लक्ष्मणरावांनी टेबलाखालून खोकं काढलं. आत फायबरची, ब्राँझचा रंग दिलेली मूर्ती. बैठकच बशीएवढी.

"त्रिवेणीबाई, तुम्ही ठेवा."

"मी?"

"तुम्ही मेहुणी. तुमच्यावर ते रागावणार नाहीत. नाहीतर असं करू, किल्ल्यावर आज पडदाच राहू दे. आणि मग पाटीचंही बघावं लागेल."

पाटी तयार होती. मीच मजकूर दिला होता: किल्ले प्रतापगड, प्रतिकृतीकार एकनाथराव उदगीरकर, प्रमाण एकास पाचशे. मी मनाशी म्हटलं, तासाभराचा तर प्रश्न आहे. कार्यक्रम झाला की मूर्ती उचलू, पाटी कायमची राहील. असले व्यवहारी विचार मला फार पटकन सुचतात. निखिलने भिंगाची दांडी काढली, मी मूर्ती उचलली. गडावर सपाट जागा एकच, सदरेपुढचं अंगण. तिथे कोण उभं आहे हे मला माहीत होतं. मी चांगली दोन बोटं जागा सोडून, कडेला मूर्ती ठेवली. निदान ठेवली असं मला वाटलं. माझा चष्मा पर्समध्ये होता. फोटो निघणार होते आणि मी पैठणी नेसले होते.

पाहुणे आले. पूजा झाली. मूर्तीला हार घातला. हाराचं टोक चिलखती बुरुजावर पडलं आणि बुरुज दिसेनासा झाला. हळद-कुंकू वाहिलं, दीडशे माणसांनी अक्षता टाकल्या. लक्ष्मणरावांनी नारळ फोडून पाणी शिंपडलं, ते तटबंदीवरून ओघळत खाली आलं. महाराजांच्या घोट्याशी तट, गुडघ्याशी बालेकिल्ला. त्यांनी नुसतं पाऊल उचललं असतं तरी गड पलीकडे राहिला असता. मी दाजींकडे बघायचं टाळत होते. एकदा बघितलं. ते मूर्तीकडे बघतच नव्हते, तिच्या बुडाकडे बघत होते.

इतिहासाचे जाणकार मूर्तीपुढे हात जोडून उभे राहिले आणि म्हणाले, "अतिशय सुंदर मूर्ती. चेहऱ्यावरचे भाव काय आहेत! कुणी केली?"

"हे काय, आमचे एकनाथराव," लक्ष्मणराव म्हणाले आणि दाजींना पुढे ओढलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. दाजींना शाल मिळाली, श्रीफळ मिळालं. दोन शब्द बोला म्हटलं तर माईकपाशी गेले, "जेवून जा सगळ्यांनी," म्हणाले आणि खाली उतरले.

पंगत बसली तसा हॉल रिकामा झाला. दाजींनी शाल खुर्चीवर ठेवली आणि मूर्ती उचलली. मी पर्समधून चष्मा काढला. अंगणात कुंकवाचा चिखल आणि अक्षता. भिंग घेऊन मी एकेक तांदूळ बाजूला केला. प्रत्येक पांढरा कण महाराजच वाटायचा. पाच मिनिटांनी दाजींनी मूर्ती उलटी करून माझ्यापुढे धरली. बैठकीच्या बुडाला एक पांढरा डाग चिकटला होता, आणि त्यात भगवा एक कण. मी दोन बोटं जागा सोडली नव्हती. मी बरोबर डोक्यावर ठेवली होती.

"मी ठेवली, दाजी. त्यांनी नाही. मी." साठी उलटलेली बाई मी, पैठणीच्या पदराने नाक पुसत रडत होते. वीस वर्षं या माणसाला खोट्या मापावरून टोचून खाल्लं होतं, आणि त्याचं एक खरं काम चेपायला मीच निघाले.

दाजी रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चिमट्याने तो कण सोडवायचा प्रयत्न केला, तो पावडर होऊन पडला.

"दुसरा करा ना," मी म्हटलं. "मी बसते रोज. शिंक आली तर तोंड दाबून धरते तुमचं."

"करीन की. पण आता मूर्ती काही हलायची नाही. त्याला ठेवू कुठे? तिच्याखाली?"

तेवढ्यात दारातून लक्ष्मणरावांचा आवाज आला. "अहो, मूर्ती कशाला उचलली? बायकांचे फोटो राहिलेत!" दाजींनीच मूर्ती परत ठेवली. तिच्या बैठकीची कडा सदरेला समांतर आहे का ते पट्टीने बघितलं, जरा सरळ केली. मग पितळी पाटीपाशी गेले आणि मला हाक मारली.

"ही शेवटची ओळ काढून टाक, त्रिवेणी."

"नाव?"

"नाव राहू दे. नाव काय, बिल्डरांच्या मॉडेलांवरही होतं. पण एकास पाचशे म्हणून खोटं लिहू नका."

दुसऱ्या दिवशी मी कानस घेऊन गेले. पितळ चिवट असतं, दीड तास लागला आणि त्या जागी एक खड्डा पडला. मूर्ती अजून तिथेच आहे, लोक येतात, हात जोडतात, फोटो काढतात. तो खड्डा कसला म्हणून कुणी विचारलं तर लक्ष्मणराव सांगतात, पाटीत जरा चूक झाली होती, आमच्या चिटणीसबाईंनी दुरुस्त केली. मी शेजारी उभी असते आणि मान हलवते.